सत्तेत माणूस लवकर म्हातारा होतो का?

बाबासाहेब भोसले जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि वर्ष उलटतं न उलटतं तोच पायउतार झाले. पुढे ते ८६ वर्षांचे होऊन गेले. शिवाजीराव पाटील निलंगेकरांच्या वाट्याला ते पद एक वर्षसुद्धा आलं नाही. त्यांना ८९ वर्षांचं आयुष्य लाभलं. बॅरिस्टर अंतुले दीड वर्षाच्या वादळी कारकिर्दीनंतर बाहेर पडले आणि ८५ व्या वर्षी वारले. दुसरीकडे वसंतराव नाईक. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्य चालवलं. कोयनेचा भूकंप आणि १९७२ चा दुष्काळ त्याच काळातले. पद सोडल्यावर साडेचार वर्षांतच, १८ ऑगस्ट १९७९ रोजी, सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६६. दोन वेळा मिळून सात वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले विलासराव देशमुख ६७ व्या वर्षी गेले.

ही नावं शेजारी शेजारी ठेवली की मनात एक निष्कर्ष आपोआप तयार होतो: जास्त काळ खुर्ची, कमी आयुष्य. तो खरा आहे का, हे पाहायचं तर यादी पूर्ण करायला हवी. काही दिवस हंगामी काम पाहिलेले पी. के. सावंत वगळले, तर संयुक्त महाराष्ट्राचे अकरा मुख्यमंत्री आज हयात नाहीत. मृत्यूसमयीच्या त्यांच्या वयाची सरासरी पंचाहत्तरच्या थोडी वर भरते. द्विभाषिक मुंबई राज्याची वर्षं धरून पाच वर्षांहून जास्त काळ पदावर राहिलेले तिघे म्हणजे यशवंतराव चव्हाण (७१), वसंतराव नाईक आणि विलासराव. त्यांची सरासरी ६८. साडेतीन ते साडेचार वर्षं पदावर असलेले वसंतदादा पाटील (७१), शंकरराव चव्हाण (८३) आणि मनोहर जोशी (८६). त्यांची सरासरी ८०. दोन वर्षांहून कमी काळ राहिलेल्या पाच जणांची जवळपास ७८.

आकडे बोलके दिसतात, पण त्यांच्यावर मी भार टाकणार नाही. या शेवटच्या गटात मारोतराव कन्नमवार आहेत. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धाच्या ऐन धामधुमीत यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि कन्नमवारांवर राज्याची धुरा आली. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच, ६३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांची कारकीर्द छोटी होती म्हणून ते लवकर गेले असं नाही, ते गेले म्हणून कारकीर्द छोटी झाली. शंकररावांचंही तसंच गुंतागुंतीचं आहे. मुख्यमंत्रिपद सुटल्यावर त्यांनी केंद्रात गृहखातं सांभाळलं, आणि तेही १९९१ ते १९९६ या अत्यंत कठीण वर्षांत. तरीही त्यांना दीर्घायुष्य मिळालं. शिवाय ही यादी फक्त गेलेल्यांची आहे. शरद पवार १९७८ मध्ये ३७ व्या वर्षी पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले आणि ऐंशी ओलांडल्यावरही राजकारणात पाय रोवून आहेत. ते या सरासरीत येत नाहीत. अकरा माणसांवरून नियम काढता येत नाही. मोठा नमुना लागतो, आणि तो शोधायला महाराष्ट्राबाहेर जावं लागतं.

अमेरिकेत हा प्रश्न फार जुना आहे. राष्ट्राध्यक्षाचा शपथविधीच्या दिवसाचा फोटो आणि निरोपाच्या दिवसाचा फोटो शेजारी छापायचा, पांढरे केस आणि डोळ्यांखालची वर्तुळं दाखवायची, ही तिथल्या वर्तमानपत्रांची आवडती रीत. राष्ट्राध्यक्ष एका वर्षात दोन वर्षांनी म्हातारे होतात, असंही तिथं म्हटलं जायचं. आयुर्मानाचे अभ्यासक जे ओल्शान्स्की यांनी २०११ मध्ये हा दावा तपासला. नैसर्गिक कारणांनी वारलेल्या ३४ राष्ट्राध्यक्षांपैकी २३ जण त्यांच्या वयाच्या सामान्य पुरुषांकडून अपेक्षित असलेल्या आयुष्यापेक्षा जास्त जगले होते. केस पिकले असतील, पण आयुष्य घटलेलं दिसलं नाही. कारण सरळ आहे: ही माणसं बहुतेक सधन, शिकलेली होती आणि उत्तम डॉक्टर त्यांच्या हाताशी होते. साध्या माणसाशी त्यांची तुलना केली की सत्तेचा ताण श्रीमंतीच्या आड लपतो.

मग तुलना कुणाशी करायची? २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासाने याचं चांगलं उत्तर शोधलं: हरलेल्याशी. देशाच्या सर्वोच्च पदासाठी लढणारे दोन्ही उमेदवार साधारण एकाच वर्गातले, एकाच वयाचे, सारख्याच महत्त्वाकांक्षेचे असतात. फरक एवढाच, की एकाला ती खुर्ची मिळते आणि दुसऱ्याला नाही. अँड्र्यू ओलेन्स्की, मॅथ्यू अबोला आणि अनुपम जेना या तिघांनी १७ देशांतले, १७२२ पासून २०१५ पर्यंतचे ५४० उमेदवार घेतले. २७९ सत्तेवर आलेले, २६१ कधीच न आलेले. निवडणुकीच्या वेळचं वय आणि आयुर्मान लक्षात घेतल्यावर जिंकलेले हरलेल्यांपेक्षा सरासरी २.७ वर्षं कमी जगले, आणि अकाली मृत्यूचा धोका त्यांना २३ टक्क्यांनी जास्त होता.

इथे लेख संपवता आला असता, पण संशोधन तिथे थांबलं नाही. अमेरिकेत गव्हर्नर, सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारांचा अभ्यास झाला. त्यात फक्त अटीतटीच्या लढती घेतल्या होत्या, म्हणजे जिंकणं-हरणं जवळपास नशिबावरच होतं. निष्कर्ष उलटा आला: काठावर जिंकलेले काठावर हरलेल्यांपेक्षा सुमारे वर्षभर जास्त जगले. २०२२ मध्ये ११ श्रीमंत देशांतल्या ५७ हजारांहून अधिक राजकारण्यांचा हिशेब आला. तिथेही राजकारणी सामान्य जनतेपेक्षा कित्येक वर्षं जास्त जगतात असं दिसलं. मला हे परस्परविरोधी वाटत नाही. खासदार किंवा आमदार होण्यात प्रतिष्ठा, पगार, निवृत्तिवेतन, ओळखी, उपचार असं बरंच काही मिळतं आणि त्याची किंमत तुलनेने कमी असते. देश चालवण्याची जागा मात्र वेगळी. तिथे मिळणारं आधीच मिळालेलं असतं आणि द्यावं लागणारं अचानक कैकपटीने वाढतं.

आता शरीराकडे. केस पिकतात त्यामागची प्रक्रिया आज बऱ्यापैकी कळली आहे. हार्वर्डमध्ये उंदरांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं, की तीव्र ताणात नॉरअॅड्रेनलिन हे रसायन स्रवतं आणि केसांना रंग पुरवणाऱ्या पेशींचा मूळ साठा काही दिवसांतच संपवतं. त्याउलट कोलंबिया विद्यापीठातल्या चमूने २०२१ मध्ये माणसांच्या केसांची लांबीनिहाय पाहणी केली, तेव्हा ताण ओसरल्यावर काही केस पुन्हा काळे होतानाही आढळले. आपल्याकडे नेत्यांच्या डोक्यावरून काही ठरवणं अवघडच, कारण बहुतेक जण केस रंगवतात. अमेरिकेतल्या त्या दोन फोटोंची तुलना इथे केली, तर तिचा निकाल कलपाची बाटलीच ठरवेल.

केसांपेक्षा खोलवर काय होतं हे जास्त महत्त्वाचं. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनलिन सोडतं, रक्तदाब वाढतो, रक्तात साखर येते. हे थोडा वेळ असतं तेव्हा उपयोगीच. पण सावरायला वेळ न देता ते दिवसेंदिवस, महिनोन् महिने चालू राहिलं की रक्तवाहिन्या, हृदय, झोप, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर त्याचा बोजा साचतो. एलिसा एपेल, नोबेल विजेत्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ५८ आयांच्या पेशी तपासल्या. त्यातल्या अनेकींची मुलं दीर्घकाळ आजारी होती. सर्वात जास्त ताण जाणवणाऱ्या आयांच्या गुणसूत्रांची टोकं इतकी झिजली होती, की त्यांच्या पेशी निदान दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या. हा अभ्यास मला नेत्यांच्या आयुर्मानाच्या सगळ्या तक्त्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईच्या घरी आजारी मूल आहे आणि जिला रजा नाही, तिच्यावरचा ताण कुठल्याही मंत्र्याहून कमी नसतो. फक्त तिचे आधीचे आणि नंतरचे फोटो कुणी छापत नाही.

कंपनीप्रमुखांचा अभ्यास याच दिशेचा. उल्रिके माल्मेंडियर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी कंपन्यांच्या प्रमुखांच्या चेहऱ्यांचे फोटो संगणकाकडून तपासून घेतले. २००८ च्या मंदीत ज्यांच्या उद्योगाला जबर फटका बसला, ते पुढच्या दशकात इतरांपेक्षा सुमारे वर्षभराने जास्त वयस्क दिसू लागले. पद तेच. वय वाढवलं ते संकटाने.

इथे प्रश्नाला एक वेगळी बाजू फुटते. ताण वरच्याला जास्त की खालच्याला? १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास हा या विषयातला पाया आहे. मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. समज असा होता, की वरिष्ठ सचिवांना हृदयविकार जास्त होत असणार. निघालं भलतंच: सर्वात खालच्या श्रेणीतल्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वात वरच्यांच्या सुमारे तिप्पट होतं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा केल्यावरही मोठा फरक उरलाच. पुढच्या टप्प्यात त्याचं एक मोठं कारण हाती लागलं: आपल्या कामावर आपलाच ताबा नसणं. केनियातल्या अंबोसेलीतल्या बॅबून माकडांचा २०११ चा अभ्यास मात्र थोडा वेगळा सूर लावतो. तिथे कळपाच्या प्रमुख नराच्या शरीरात ताणाची संप्रेरकं जवळपास सर्वात खालच्या नराइतकीच चढलेली होती, आणि दुसऱ्या क्रमांकाचा नर निवांत होता. अधिकार असूनही जागा रोज लढून टिकवावी लागत असेल, तर अधिकाराचं संरक्षण मिळत नाही.

हे वाचताना मला मीरा-भाईंदर आठवतं. इथे राष्ट्राध्यक्ष नाही, मुख्यमंत्री नाही, पण व्हाइटहॉलने दाखवलेली अवस्था इथल्या सभागृहात स्पष्ट दिसते. १९८५ मध्ये नगरपालिका झालेलं हे गाव २००२ मध्ये महानगरपालिका झालं. २००१ च्या जनगणनेत इथे ५ लाख २० हजार माणसं होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. नगरसेवक ९५. म्हणजे जुन्या जनगणनेच्या हिशेबानेही एका नगरसेवकामागे साडेआठ हजार लोक, आणि त्यानंतर मीरा रोडला टॉवर किती उभे राहिले ते लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. लोक नगरसेवकाला पाण्यासाठी गाठतात. पाणी येतं स्टेम या पाणी कंपनीकडून आणि एमआयडीसीकडून. लोक स्टेशनावरच्या गर्दीबद्दल विचारतात. स्टेशन पश्चिम रेल्वेचं. मेट्रोचे खांब एमएमआरडीएचे. पोलीस राज्य सरकारचे, २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार मिळून एका आयुक्तालयाखाली. आणि जे पालिकेचंच आहे तिथे तरी महापौराच्या हाती काय? कायद्याप्रमाणे कारभाराचा अधिकार आयुक्तांकडे असतो. महापौर सभेचं अध्यक्षपद भूषवतात, उद्घाटनं करतात आणि शहराच्या शिव्या खातात.

त्यात ऑगस्ट २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. नगरसेवक माजी झाले. पण गटार तुंबलं तर माणूस मोबाइलमधला तोच जुना नंबर फिरवणार. अधिकार कागदावरही उरला नाही आणि जबाबदारी मात्र दारात उभी राहिली. शरीराला सर्वात जास्त झिजवणारी रचना बनवायला कुणाला सांगितलं असतं, तर त्याने याहून वेगळं काही केलं नसतं. आणि तरी नेत्यांच्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा होते ती वर्षा बंगल्याची, भाईंदर पश्चिमेच्या इंदिरा गांधी भवनातल्या पालिका मुख्यालयाची नाही.

याच शहराच्या पश्चिम टोकाला, चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. समोर खाडी आणि पलीकडे वसई. १७३७ ते १७३९ या वसई मोहिमेत हा परिसर पोर्तुगीज आणि मराठ्यांमधल्या चकमकींनी पेटलेला होता. ती मोहीम चालवणारे चिमाजी आप्पा डिसेंबर १७४० मध्ये वारले, वय जेमतेम ३३. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रावेरखेडीला थोरले बाजीराव ३९ व्या वर्षी गेले होते. नानासाहेब पेशवे पानिपतानंतर पाच महिन्यांनी, ४० व्या वर्षी. माधवराव २७ व्या वर्षी, थेऊरला. आणि दुसऱ्या बाजीरावांनी १८१८ मध्ये राज्य गमावलं, पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेले आणि १८५१ पर्यंत, ७६ वर्षांचे होईपर्यंत जगले. सगळ्या पेशव्यांत सर्वात दीर्घायुषी तेच.

ही ओळ इतकी मोहक आहे, की तिच्यापासून सावध राहायला हवं. माधवरावांना राजयक्ष्मा होता, म्हणजे क्षय. बाजीराव तापाने गेले. चिमाजी आप्पांची प्रकृती आयुष्यभर नाजूक होती. प्रतिजैविकं नसलेल्या काळात तरुण माणसं सहज मरत, पेशवा असो की पखालजी. नानासाहेबांच्या बाबतीत मात्र, मुलगा आणि चुलत भाऊ एकाच दिवशी गमावल्याच्या धक्क्याने ते खचले, हे समकालीनांनाही दिसत होतं. शोकाने शरीर खचतं, याला आजचं वैद्यकशास्त्र दुजोरा देतं. पण मोहिमा, मलेरिया आणि मनस्ताप यांतलं कुणी किती घेतलं, हे अडीचशे वर्षांनी वेगळं काढता येणार नाही.

आजच्या नेत्यांबाबत ते काही प्रमाणात काढता येतं, आणि तिथे मला ताणापेक्षा ताणासोबत येणाऱ्या सवयी जास्त खुपतात. आर. आर. पाटील फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले तेव्हा ५७ वर्षांचे होते. ग्रामस्वच्छता अभियान, तंटामुक्ती, डान्सबारबंदी. या माणसाला अजून वीस वर्षं मिळायला हवी होती. शरद पवारांनाही २००४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीच्या हंगामात, तोंडाचा कर्करोग निघाला. ते त्यातून उठले आणि सुपारीच्या सवयीबद्दल त्यांनी पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. दौऱ्यावरचं नेत्याचं आयुष्य ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हे नवं नाही. पहाटे दोनला सभा आटोपून गाडीतच डुलकी काढायची, सकाळी सातला शिष्टमंडळ दारात. जेवण कुणाच्या तरी घरी, आग्रहाने, रात्री उशिरा, तेलातुपाचं. मध्ये फक्त चहा. जागं राहायला तंबाखू किंवा सुपारी. दिवसभरात चार लग्नं, दोन मयती, एक उद्घाटन. एकीकडे न गेलो तर ते घर पाच वर्षं लक्षात ठेवतं. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, पुढे पंतप्रधान झाले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्यावर प्रचंड रोष होता, आणि ते ९९ वर्षं जगले. त्यांच्या राजकारणाशी मतभेद असूनही त्यांची झोप, जेवण आणि दिनक्रम यांच्या शिस्तीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

सर्वात वाईट सवय मात्र एकट्या नेत्यांची नाही, आपल्या सर्वांची आहे. आजार लपवण्याची. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं सांगावं लागतं. प्रकृतीचा रकाना नसतो. तो असावाच असा माझा हट्ट नाही, आजार ही खाजगी बाब आहे. पण आजारी नेत्याला रजेची मुभाही नसणं हे क्रूर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये उद्धव ठाकरे यांच्यावर मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. करोनाची दोन वर्षं त्यांनी मुख्यमंत्री म्हणून नुकतीच काढली होती. लगेच पदभार कुणाकडे देणार, असा प्रश्न राजकीय हत्यार बनला. पदभार देणं म्हणजे पद गमावण्याची पहिली पायरी, असं आपल्याकडे गृहीतच धरलं जातं.

गोव्यात मनोहर पर्रीकर यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये आजाराने गाठलं. स्वादुपिंडाचा कर्करोग. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली असे उपचार घेत ते मुख्यमंत्रिपदावर राहिले. जानेवारी २०१९ च्या अखेरीस नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्च रोजी त्यांचं निधन झालं, वय ६३. तेव्हा अनेकांनी त्या निष्ठेला सलाम केला. मीही त्यांच्या जिद्दीचा आदर करतो. पण त्या दृश्यातलं कौतुक मला अजून पचत नाही. कर्करोगाच्या शेवटच्या आठवड्यांत त्या माणसाला घरच्या अंथरुणावर निवांत पडू न देणारं राजकारण हे आपलं सामूहिक अपयश होतं. त्याच्या पक्षाचं, आघाडीचं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या सर्वांचं.

पद गेल्यावर काय, हा भाग संशोधनात जवळजवळ दुर्लक्षित राहिला आहे. यशवंतराव चव्हाणांनी मुख्यमंत्री, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, उपपंतप्रधान अशी सगळी ओझी वाहिली. त्यांची शेवटची वर्षं मात्र सत्तेबाहेर, पक्षात परतूनही बाजूला पडल्यासारखी गेली. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि पुढच्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, दिल्लीत ते गेले. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत मागे राहिलेल्याचा मृत्यूचा धोका वाढतो, हे अनेक देशांत मोजलं गेलं आहे. ज्याच्या दारात पंचवीस वर्षं माणसांची रांग होती, त्याचा फोन वाजेनासा होणं हा ताणाचाच दुसरा प्रकार असावा, असं मला वाटतं. त्याच्यावर कुणी अभ्यास करावा.

जिंकलेल्या-हरलेल्यांच्या आयुष्याच्या तुलनेचा अभ्यासही आपल्याकडे करता येण्यासारखा आहे. १९६२ पासूनच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत प्रत्येक मतदारसंघाचा विजेता आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार कोण, हे निवडणूक आयोगाकडे आहे. प्रतिज्ञापत्रं सक्तीची झाल्यापासून उमेदवारांची वयंही सहज मिळतात. विधिमंडळाच्या अधिवेशनात माजी सदस्यांसाठी शोकप्रस्ताव मांडले जातात आणि ते कार्यवाहीत छापले जातात. जिंकलेल्यांच्या मृत्यूच्या तारखा तिथे मिळतील. हरलेल्यांच्या तारखा शोधायला मात्र जिल्ह्याची वर्तमानपत्रं चाळावी लागतील, घरोघरी विचारावं लागेल. कष्टाचं पण एखाद्या विद्यापीठाला पेलणारं काम. मीरा-भाईंदर हा मतदारसंघ २००९ मध्येच अस्तित्वात आल्यामुळे इथे तर सुरुवात पहिल्या निवडणुकीपासून करता येईल, आणि सोबत २००२ पासूनच्या सगळ्या नगरसेवकांची आणि त्यांच्याकडून हरलेल्यांची नोंदही घेता येईल.